कोरडी सुई

सुईचे आणि माणसाचे नाते फार जुने आहे, आणि जरा चमत्कारिकही आहे. टोचणे हा जिचा धर्म, तिच्याकडून माणसाने बहुतेक कामे जोडण्याचीच करून घेतली. आजीच्या हातात ती आली की जुन्या लुगड्यांची वाकळ होते. गोणीचे तोंड शिवायचे झाले की तिचीच थोरली बहीण दाभण पुढे येते. पायात बाभळीचा काटा मोडला तर तो उकरून काढायलाही हीच लागते. पुढे डॉक्टरांनी तिला पोकळ केले आणि तिच्या पोटातून औषध वाहू लागले. या सगळ्या प्रसंगांत एक गोष्ट समान आहे. सुई टोचते खरी, पण जाताना काहीतरी देऊन जाते किंवा काहीतरी घेऊन जाते. दोरा ठेवते, औषध ठेवते, काटा नेते. या देण्याघेण्याच्या भरवशावरच आपण तिचे टोचणे सहन करतो. रडणाऱ्या मुलालाही आपण हेच समजावतो, की बाळ, सुईत औषध आहे.

आता अशी एक सुई डोळ्यांपुढे आणा, की जी काही ठेवत नाही आणि काही नेतही नाही. जाडी सुमारे पाव मिलिमीटर, म्हणजे केसाच्या तीनचारपट. अंगाने भरीव, तिला पोकळी नाही, म्हणून तिच्यात औषध असण्याचा प्रश्नच नाही. दुखऱ्या स्नायूत बोटाला जी कठीण गाठ लागते, तीत ही सुई घालतात, किंचित मागेपुढे करतात आणि काढून घेतात. इंग्रजी नाव 'ड्राय नीडलिंग'. मी तिला आपली 'कोरडी सुई' म्हणतो.

या कोरड्या सुईने मला गेले वर्षभर दोन प्रश्नांत गुंतवून ठेवले आहे. पहिला असा, की जिच्यात काहीच नाही ती आराम कशी देते, आणि तो देताना कोणी कोणाला फसवत तर नाही ना? दुसरा त्याहून अवघड आहे. ज्या ओझ्याने गाठ बांधली ते ओझे जागच्या जागी ठेवून गाठ तेवढी सैल करणे, ही माणसावर केलेली दया, की कामाची केलेली सोय?

हे प्रश्न मला पडले याला मी राहतो ते गावही कारण आहे. भिवंडी तालुक्यातले वडपे हे मुंबई-नाशिक महामार्गावरचे गाव. वर्तमानपत्रांत त्याचे नाव येते ते बहुधा रस्त्याचे टोक म्हणून: 'माजिवडा ते वडपे' हा एक टप्पा, 'वडपे ते गोंदे' हा दुसरा. जणू काही गाव म्हणजे रस्ता मोजण्याची खूणच. समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. ते आमणेही आमच्याच तालुक्यात. रस्ते आले तशी गोदामे आली. जिथे भाताची खाचरे होती, तिथे पुष्कळ ठिकाणी आता पत्र्याची उंच छपरे दिसतात. मुंबई-ठाण्याच्या एखाद्या घरी दारावरची घंटा वाजते आणि हातात खोके पडते, तेव्हा त्या खोक्याने पुष्कळदा आमच्या बाजूच्या एखाद्या छपराखाली रात्र काढलेली असते. खोके काही स्वतः चालत येत नाही. ट्रकातून फळीवर, फळीवरून मांडणीवर आणि मांडणीवरून पुन्हा गाडीत, असा त्याचा प्रवास. यंत्रे आली आहेत, नाही असे नाही. पण यंत्र जिथे थांबते तिथून पुढे माणसाची पाठ सुरू होते. त्यात शेजारी भिवंडी, म्हणजे यंत्रमागांचे गाव. तिथे दिवसभर उभे राहून माना आणि खांदे धरतात. आमच्याकडे अंगदुखीची चौकशी लोक पावसाची करावी तशी करतात.

मराठी भाषेने या दुखण्याचा संसार किती बारकाईने मांडला आहे! मान 'धरते', पाठीत उसण 'भरते', कमरेत लचक 'भरते', पोटरीत गोळा 'येतो', खांद्यात चमक 'निघते', आणि काहीच सांगता येईना की शिरेवर शीर 'चढते'. वैद्यकाची पुस्तके उघडण्यापूर्वीच आपल्या लोकांनी इतके भेद ओळखले, कारण ओझेही त्यांनीच उचलले.

माझी एक भाची फिजिओथेरपिस्ट आहे. तिचा छोटासा दवाखाना हमरस्त्यापासून फार दूर नाही. निवृत्तीनंतर मला वेळ पुष्कळ, म्हणून मी अधूनमधून तिथे जाऊन बसतो. तिच्याकडूनच या सुईचे शास्त्र जेवढे समजले तेवढे समजून घेतले. ते इतके मनोरंजक आहे की थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९३८ साली लंडनमध्ये जॉन केलग्रेन नावाच्या डॉक्टरांनी एक विलक्षण प्रयोग केला. मिठाचे तीव्र पाणी त्यांनी स्वतःच्या आणि काही स्वयंसेवकांच्या स्नायूंत टोचले, आणि कुठे दुखते याची नोंद केली. असे आढळले, की टोचले एकीकडे आणि दुखले दुसरीकडे. स्नायू आपली कागाळी भलत्याच घरी नेऊन पोहोचवतो. पुढे अमेरिकेत जॅनेट ट्रॅव्हेल या डॉक्टरबाईंनी याच गोष्टीचा आयुष्यभर पाठपुरावा केला. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेल्या स्नायूत गाठ असली तर दुखते कपाळाच्या बाजूला. खांद्याच्या पात्यावर गाठ असली तर खांदा पुढून दुखतो. कुल्ल्यातल्या एका खोल स्नायूची गाठ तर हुबेहूब मांडीतून उतरणाऱ्या नसेचे सोंग घेते. डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर लिहिलेला त्यांचा मोठा ग्रंथ १९८३ साली आला. त्यात अशा गाठींचे नकाशे आहेत.

ट्रॅव्हेलबाई त्या गाठीत बधिर करणारे औषध टोचत. पण एक शंका राहतेच: गुण औषधाचा, की सुईचा? प्रागचे डॉक्टर कारेल लेविट यांनी १९७९ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. २४१ रुग्णांना त्यांनी नुसती सुई टोचली होती. नेमकी जागा सापडली तर सुमारे ८७ टक्के वेळा दुखणे तिथल्या तिथे थांबले, आणि जागा बधिरही झाली नाही. कोरड्या सुईला शास्त्राच्या दरबारात जागा मिळाली ती अशी. चिनी सुईशी तिचे नाते विचाराल तर सुई तीच, नकाशा वेगळा. चीनचे वैद्य प्राणशक्तीच्या वाहिन्या कल्पून सुई लावतात. हे लोक स्नायूतली गाठ बोटाने शोधून लावतात.

सुई गाठीत नेमकी शिरली, की स्नायू क्षणभर फडफडतो. गळाला मासा लागल्यावर दोरी हिसका देते, तसा. मी ते पाहिले आहे. रुग्ण 'आई गं' म्हणतो आणि पाठोपाठ श्वास सोडतो. त्या सोडलेल्या श्वासाविषयी कोणाचा वाद नाही. वाद आहे तो त्याच्या कारणाविषयी. काही म्हणतात, गाठीतले स्नायूतंतू आखडून राहिल्याने तिथला रक्तपुरवठा तुटपुंजा होतो, आणि सुई ती आखड मोडते. काही म्हणतात, सुईची नवी कळ मज्जारज्जूपाशी जुन्या कळेची वाट अडवते. वेदनेला अशी दारे असतात, हा विचार मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडला होता. ऑस्ट्रेलियातील क्विंटनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर २०१५ साली या गाठींच्या उपपत्तीवरच घाव घातला. एकंदरीत आजचा हिशेब असा, की थोड्या दिवसांचा आराम पुष्कळांना मिळतो. दीर्घकाळच्या आरामाचा पुरावा दुबळा आहे. आणि कारण अजून वादात आहे.

इथेच पहिला प्रश्न उभा राहतो. हा आराम सुईचा, की श्रद्धेचा?

आपल्याकडे उसण भरली की पायाळू माणसाला बोलावण्याची पद्धत होती, आणि अजूनही ती पुरती गेलेली नाही. जन्मताना जो पायांकडून आला, त्याने दुखऱ्या पाठीला पाय लावायचा किंवा हलकीशी लाथ मारायची, की उसण पळाली! माझ्या लहानपणी आमच्या आळीत असा एक माणूस होता. एरवी त्याला कोणी चहालाही विचारत नसे. पण मोठमोठी माणसे त्याच्यापुढे ओणवी होऊन लाथेची वाट पाहताना मी पाहिली आहेत. पुष्कळांना बरेही वाटे. मग ही भरीव सुई म्हणजे त्या लाथेचीच शिकलेली धाकटी बहीण तर नव्हे?

हा संशय शास्त्रज्ञांनाही आलाच. जर्मनीतील श्ट्राइटबेर्गर या डॉक्टरांनी १९९८ साली एक खोटी सुई पुढे आणली. नाटकातल्या खंजिराचे पाते जसे मुठीत सरकते, तशी ही सुई आपल्या दांड्यात सरकते. टोचल्याचा भास होतो, पण सुई आत जात नाही. अशा खोट्या सुयांनीही पुष्कळांना बरे वाटते. खरी आणि खोटी यांतला फरक दिसतो तेव्हा तो आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतो. म्हणजे आरामाचा काही वाटा तरी टोचण्यात नाही. तो टोचणाऱ्याच्या हातात आहे, तिने दिलेल्या वेळात आहे, 'इथेच दुखतं ना?' या प्रश्नात आहे.

यावरून ही सगळी फसवणूक आहे असे कोणी म्हणेल, तर मला ते मान्य नाही. फसवणूक सुईत नसते. ती शब्दांत असते. भाचीच्या दवाखान्यातला एक संवाद मला आठवतो. जालन्याकडचा एक पन्नाशीचा हमाल उजवा खांदा धरून आला होता. सुई पाहून त्याने विचारले, "ताई, औषध कुठलं भरलंय?"

"काहीच नाही, काका. सुई कोरडीच असते."

"मग पैसे कशाचे?"

"गाठ शोधायचे," ती हसून म्हणाली. मग तिने त्याला सांगितले, की पुष्कळांना याने बरे वाटते, काहींना वाटत नाही. आराम काही दिवस टिकतो, नेमके किती ते सांगता येत नाही. तो का पडतो याविषयी मोठमोठ्या डॉक्टरांचेही एकमत नाही. टोचल्यावर एकदोन दिवस जागा ठणकेल. आणि छातीच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर क्वचित फुप्फुसाला इजा होऊ शकते, म्हणून तो श्वास रोखू नका, हलू नका. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारले. पाकिटातून नवी सुई त्याच्यासमोर काढली.

मी नंतर तिला म्हणालो, "एवढं सगळं त्याला सांगायची गरज होती? विश्वास उडाला असता तर?"

ती म्हणाली, "मामा, तुम्ही आला असतात तर तुम्हाला सांगितलं असतं की नाही?"

या उत्तरात एक मोठे तत्त्व आहे. अडाणी माणसाला थोडक्यात गुंडाळावे आणि शिकलेल्याला सविस्तर सांगावे, असे आपण सहज मानतो. त्यात आपल्याला वाईट हेतूही दिसत नाही. पण खरे ऐकण्याचा अधिकार शाळेच्या दाखल्यावर अवलंबून नसतो. शरीर त्याचे आहे, खांदा त्याचा आहे, आणि धोकाही त्याचाच आहे. शिवाय खरे सांगितल्याने गुण जातोच असेही नाही. २०१० साली हार्वर्डचे टेड कॅप्चक आणि त्यांचे सहकारी यांनी आतड्याच्या तक्रारीच्या ८० रुग्णांवर एक प्रयोग केला. त्यांतल्या काहींना 'या गोळीत औषध नाही' असे स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांच्यापेक्षा या मंडळींना अधिक बरे वाटले! मला यात आशेची जागा दिसते. माणसाचा विश्वास जिंकायला थाप मारावीच लागते हा समज निदान सर्वस्वी खरा नाही. पायाळूची लाथ आणि कोरडी सुई यांत मला फरक दिसतो तो एवढाच, की लाथेला कोणी प्रश्न विचारत नाही आणि सुई स्वतःला प्रश्न विचारू देते. उद्या ती परीक्षेत पूर्ण नापास झाली, तर तिला बाजूला ठेवता येईल. पण हा फरक लहान नव्हे.

पहिल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर हे असे. दुसरा प्रश्न त्याच हमालाने, नकळत, माझ्यापुढे टाकला.

सुई काढल्यावर त्याने हात वर नेऊन पाहिला. आधी कानापर्यंत जाणारा हात आता डोक्यावर गेला. चेहरा उजळला. आणि त्याने पहिली गोष्ट विचारली ती ही: "ताई, उद्या माल उचलता येईल ना?"

"दोन दिवस जड काही उचलू नका, काका. मी दाखवते ते व्यायाम करा."

तो नुसता हसला. त्या हसण्यात उर्मटपणा नव्हता. पावसाळ्यात छत्रीवाचून निघालेल्या माणसाला कोणी 'भिजू नका' म्हटले तर तो जसा हसेल, तसे ते हसणे होते. दोन दिवस न उचलणे म्हणजे दोन दिवसांची मजुरी न मिळणे. आणि हे दिवस दिवाळीच्या आधीचे. गोदामात माल मावत नव्हता.

तो गेल्यावर मला सुश्रुताची आठवण झाली. सुश्रुताने शरीरातली १०७ मर्मे सांगितली आहेत. त्यांतली आठ 'रुजाकर', म्हणजे वेदना उत्पन्न करणारी. पण त्याहून चमत्कारिक अशी तीन आहेत. त्यांना 'विशल्यघ्न' म्हणतात. तिथे बाण रुतला तर तो रुतलेला असेपर्यंत माणूस जगतो. उपटला की मरतो. वैद्याला केवढी मोठी सावधगिरीची सूचना! मनात आले, या हमालाचे दुखणे हे असेच एक शल्य तर नसेल? ते होते म्हणून तो थांबत होता. आता ते काढले, आणि तो उद्या पुन्हा ओझ्याखाली जाणार.

माझे एक जुने स्नेही आहेत. त्यांचे उभे आयुष्य कामगार चळवळीत गेले. त्यांच्यापुढे मी हा विषय काढला तेव्हा ते उसळूनच म्हणाले, "मास्तर, दुखणं ही कामगाराची शेवटची तक्रार असते. तोंडानं बोललेलं कोणी ऐकत नाही. पाठ बोलायला लागली की तो कामावर येत नाही, आणि तो आला नाही की मालकाला पहिल्यांदा ऐकू येतं. तुमची भाची ती तक्रारच बंद करते. ही सुई मालकाच्या सोयीची आहे!"

या बोलण्यात धार आहे आणि तथ्यही आहे. अनेक दिवस ते माझ्या मनात घोळत राहिले. पण विचार करता करता मी ज्या ठिकाणी येऊन पोहोचलो, ते थोडे वेगळे आहे.

एक तर, दुसऱ्याचे दुखणे साक्षीदार म्हणून राखून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मालकाला नाही, तसा मित्रालाही नाही. 'तुझी पाठ दुखू दे, तिच्यामुळे अन्याय उघडा पडतो', असे आपण ज्याला म्हणतो, त्याला आपण माणूस न मानता पुरावा मानतो. न्याय मिळेल तेव्हा मिळेल. आजची रात्र त्याला कुशीवर झोपता आली पाहिजे. आणि दुखणे हा साक्षीदार तरी कितीसा विश्वासाचा? तो साक्ष देतो ती रात्री, घरात, बायकोपुढे. गोदामाच्या फाटकापर्यंत त्याचा आवाज पोहोचतच नाही. कारण एकाची पाठ मोडली तर तिथे दुसरा उभा असतो. 'ज्याचे जळते त्यालाच कळते' असे आपण म्हणतो; खरे दुःख हे आहे, की ते फक्त त्यालाच कळते.

दुसरे असे, की उद्या उचलायचे की नाही हे ठरवणारा तो आहे. त्याच्या मागे मुलीची फी असेल, गावाकडचे देणे असेल. त्याचे हित त्याच्यापेक्षा आपल्याला जास्त कळते अशा समजुतीने त्याला आराम नाकारणे, हीही एक प्रकारची मालकीच होय.

म्हणून सुई टोचावी. मागणाऱ्याला आराम द्यावा, विनाअट द्यावा. माझ्या स्नेह्यांचे म्हणणे खरे ठरते ते याच्या पुढच्या पायरीवर. आराम ही अर्धी फेड आहे. ती पूर्ण फेड म्हणून खपवली, की अन्याय सुरू होतो. तीच सुई, तोच खांदा. पण हमालाने स्वतः येऊन मागितली तर ती उपचार असते, आणि गोणी हलकी करण्याऐवजी कोणी धन्याने गोदामातच सुया टोचायची व्यवस्था केली, तर ते यंत्राला घातलेले वंगण ठरते. उपचार आणि वंगण यांत औषधाचा फरक नाही. फरक एवढाच, की एकात माणूस बरा व्हावा अशी इच्छा आहे आणि दुसऱ्यात काम थांबू नये अशी.

गंमत अशी, की हा धडा ज्यांनी या गाठींचे नकाशे काढले त्या ट्रॅव्हेलबाईंच्याच शिकवणीत आहे. त्या सांगत, की गाठ पुन्हा पुन्हा होत असेल तर तिला पोसणारे कारण शोधा. ते तसेच राहिले तर सुईचा उपयोग टिकणार नाही. जॉन केनेडी पाठीच्या दुखण्याने बेजार होऊन १९५५ साली त्यांच्याकडे गेले. बाईंनी त्यांच्या स्नायूंत औषध टोचले. पण तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. त्यांचा एक पाय किंचित आखूड आहे हे ओळखून त्यांनी बुटाची टाच उंच करवली, आणि बसायला डुलती खुर्ची सुचवली. ती खुर्ची पुढे जगप्रसिद्ध झाली. १९६१ साली केनेडी राष्ट्राध्यक्ष झाल्यावर बाई त्यांच्या खासगी वैद्य झाल्या. तिथेही सुईची मर्यादा लौकरच दिसली. त्याच वर्षाच्या अखेरीस हान्स क्राउस या दुसऱ्या डॉक्टरांना बोलावून इंजेक्शनांऐवजी व्यायामावर भर देण्यात आला.

हे वाचल्यापासून मी मनाशी म्हणतो आहे: राष्ट्राध्यक्षाची पाठ दुखली तेव्हा त्याची टाच पाहिली, खुर्ची पाहिली, दिनक्रम पाहिला. हमालाची पाठ दुखते तेव्हा त्याची फक्त पाठ पाहतात. त्याची खुर्ची म्हणजे कोणती? त्याची गोणी, गाडीच्या फळीची उंची, तासाला किती नग उतरवायचे हा हिशेब, आणि आजारपणाच्या दिवसाची मजुरी. त्याच्या दुखण्याचे मूळ तिथे आहे. केलग्रेनसाहेबांनी दाखवले, की दुखते एका जागी आणि गाठ असते दुसऱ्या जागी. हे तत्त्व शरीराच्या कातडीपाशी संपते असे कोणी सांगितले? हमालाच्या खांद्यात जे दुखते त्याची गाठ कधी कधी गोदामाच्या हिशेबाच्या वहीत असते, आणि ती वही आपल्या घरातल्या घाईने लिहिली जाते. आज मागवलेली वस्तू उद्याच आली पाहिजे, असे म्हणणारे आपणही त्या गाठीचा एक तंतू आहोत.

'रोग रेड्याला आणि औषध पखालीला' ही म्हण आपण हसण्यावारी वापरतो. पण या म्हणीतल्या रेड्याकडे कोणी नीट पाहिले आहे का? पाण्याने भरलेली पखाल त्याच्या पाठीवर आहे. त्याच्या पाठदुखीपुरते बोलायचे झाले, तर पखालीकडे पाहणारा वैद्य मुळीच मूर्ख नव्हता! रेड्याच्या पाठीला तेल लावावे हे खरेच. पण पखालीतले पाणी थोडे कमी करता येईल का, हेही पाहावे.

हे पाहण्याचा प्रयत्न समाजाने केलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. इजा होण्याचा संभव आहे इतके जड ओझे कोणाकडूनही उचलून घेऊ नये, असे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या ३४ व्या कलमातच लिहिलेले होते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की प्रौढ पुरुषाने एरवी एका वेळी ५५ किलोपेक्षा जास्त वजन वाहू नये. आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांसाठी कायदा केला. माथ्यावर ओझे घेणाऱ्या माणसाची नोंद व्हावी, त्याची मजुरी मंडळामार्फत त्याच्या हाती पडावी, त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळावा, असा विचार त्यामागे होता. कायद्याच्या पुस्तकातली ही कलमे वाचताना मला त्या लांब, बारीक सुयाच वाटतात. पण यांचे टोक खांद्याकडे नाही, ओझ्याकडे आहे. त्या किती खोल जातात हे मात्र त्या हाती धरणाऱ्यांवर अवलंबून.

आपल्या भाषेत 'कोरडी सहानुभूती' असा एक शब्दप्रयोग आहे. मी पूर्वी त्याचा अर्थ 'डोळ्यांत पाणी नसलेली सहानुभूती' असा घेत असे. आता तसे वाटत नाही. माझ्या भाचीच्या डोळ्यांत सुई टोचताना पाणी नसते. असले तर जागा चुकेल. तरी तिचा हात कोरडा नाही. दुखण्याच्या जागेपर्यंत जाऊन जी तिथेच थांबते, दुखण्याच्या कारणाची चौकशी करत नाही, ती सहानुभूती कोरडी. मग तिने कितीही अश्रू ढाळोत.

नरकचतुर्दशीच्या पहाटे घरोघर अभ्यंगस्नान होईल. कोमट तेलाचा हात पाठीवरून फिरेल, आणि खांद्याशी येऊन आपोआप थांबेल. कारण गाठ कुठे आहे हे घरातल्या माणसांच्या बोटांना पुस्तक न वाचताही कळते. "इथे दुखतंय का?" आई विचारील. आणि 'हो' म्हटल्याबरोबर तिचा दुसरा प्रश्न येईल, "काल काय उचललंस एवढं?" आपल्या माणसाची चौकशी अशी दोन प्रश्नांची असते, आणि दुसरा विचारला गेला की दुसऱ्या दिवशी घरात ओझ्याची वाटणी बदलते, पाण्याची कळशी कोणीतरी दुसरा उचलतो. परक्या माणसाला आपण बहुधा पहिलाच प्रश्न विचारतो, आणि तेवढ्यावर समाधान मानतो. दाराशी खोके घेऊन येणाऱ्याला, आणि त्याच्या मागे न दिसणाऱ्या त्या पुष्कळ पाठींना, दुसरा प्रश्न विचारायला समाज म्हणून आपण शिकलो, तर कोरड्या सुईचे काम थोडे हलके होईल.